विंडोजवरचं एक्सपी लिनक्सवर नेताना

साताऱ्यात आमचा डीटीपीचा, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवून द्यायचा, धंदा आहे. बाबांनी तो १९९०च्या दशकात सुरू केला. पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका, यात्रांची हँडबिलं, शाळांचे वार्षिकांक, अधूनमधून एखादा दिवाळी अंक, असं आमचं काम. यातलं जुनं सगळं पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि मजकूर युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या सामायिक पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये. त्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की अधोरेषा, कंस आणि रोमन अक्षरांचा ढीग दिसतो.

युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत आणि नव्या कामात आम्ही युनिकोडच वापरतो. पण जुन्या फाइलीचं रूपांतर केलं की रफार आणि जोडाक्षरं एकेक करून तपासावी लागतात, ओळी पुढे-मागे होतात, ताळेबंदातले आकडे टॅबवरून सरकतात. दरवर्षी अहवाल घेऊन येणाऱ्या संस्था ‘गेल्या वर्षीचंच मॅटर घ्या, आकडे बदला’ एवढंच सांगतात. त्यांच्यासाठी जुनी फाइल जशीच्या तशी उघडणं गरजेचं असतं. म्हणून २०१५ साली आम्ही विंडोज एक्सपी, पेजमेकर ७, श्रीलिपी हे मराठी फॉन्टांचं सॉफ्टवेअर आणि पीडीएफ करणारं डिस्टिलर हे सगळं व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरमधल्या एका व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, बसवलं. विंडोज १०च्या खिडकीत एक्सपीची खिडकी, असं काम दहा वर्षं सुरळीत चाललं.

मग १४ ऑक्टोबर २०२५ जवळ आली. त्या तारखेला विंडोज १०चा आधार संपणार होता. दुकानात दोन संगणक. व्हर्च्युअल मशीन असलेला २०१२चा, त्याची हार्ड डिस्क कुरकुरायला लागलेली. दुसरा २०१७चा, सातव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे दोन्ही संगणक बाद. सुरक्षा अपडेटची वर्षभराची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळत होती, पण कुरकुरणारी डिस्क तेवढी थांबेल याची खात्री नव्हती. नवा संगणक घ्यायचा तर चाळीसेक हजार. २०१७चा संगणक चांगला चालत होता. मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम घालायचं ठरवलं. मिंटच्या २२व्या मालिकेला २०२९पर्यंत अपडेट आहेत, आणि आमच्यासारख्यांना तो विंडोजहून फार वेगळा वाटत नाही.

बाबांची काळजी एकच होती. “अगं, लिनक्सवर पेजमेकर कसा चालेल?” मी त्यांना समजावलं, “बाबा, पेजमेकर एक्सपीवरच चालणार आहे. एक्सपी ज्या खोलीत राहतं ती खोली फक्त दुसऱ्या इमारतीत न्यायचीय.” त्यांना पटलं, पण त्यांनी अट घातली: दिवाळीचं काम हातावेगळं होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. अट रास्त होती. असं स्थलांतर करायचं असेल तर धंद्याचा मंदीचा आठवडा निवडाच. आमच्याकडे तो दिवाळीनंतर, लग्नसराईच्या पत्रिका सुरू व्हायच्या आधी येतो.

तोवर मी कागदपत्रं शोधून ठेवली. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण पुढे त्याचाच आधार वाटतो. एक्सपीची आमची प्रत रिटेल डब्यातली, म्हणजे संगणकासोबत आलेली नव्हे. संगणकाबरोबर मिळालेल्या ओईएम प्रतीचा परवाना त्या संगणकाशीच बांधलेला असतो, रिटेल प्रत दुसरीकडे हलवता येते. डबा, त्यावरची पंचवीस अक्षरांची चावी आणि पिवळं पडलेलं बिल बाबांनी गोदरेजच्या कपाटात जपून ठेवलं होतं. पेजमेकरचा अनुक्रमांक मागच्या कव्हरवर. मराठी सॉफ्टवेअरचा परवाना म्हणजे यूएसबीचं डोंगल: लावलं तरच सॉफ्टवेअर चालू देणारं, बोटाच्या पेराएवढं. ते हरवलं तर परवानाच हरवला, असं समजून मी ते ताईत सांभाळावं तसं दोरीला बांधून ठेवलं. सगळ्या कागदांचे फोटो काढून एका फोल्डरमध्ये टाकले.

आता पद्धत कोणती वापरायची हा प्रश्न. वाचायला गेलं की तीन मार्ग सापडतात. पहिला, व्हर्च्युअलबॉक्समधून ओव्हीए फाइल (अख्ख्या मशीनचं एका फाइलीतलं गाठोडं) एक्सपोर्ट करून दुसरीकडे इम्पोर्ट करणं. दुसरा, मशीनच्या डिस्कची फाइल क्यूकाउ-टू या प्रकारात बदलून केव्हीएमवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवायच्या लिनक्सच्या स्वतःच्या सोयीवर, चालवणं. तिसरा, व्हर्च्युअल मशीनचं अख्खं फोल्डर उचलून लिनक्सवरच्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये जोडणं. माझा मामेभाऊ पुण्यात सर्व्हर सांभाळतो. त्याला फोन केला तर तो म्हणाला, “ताई, केव्हीएम वेगवान आहे, पण एक्सपीसाठी तू त्याच्या वाटेला जाऊ नकोस. आतल्या विंडोजला घर बदललंय हे कळताच कामा नये.”

पुढे प्रत्येक निर्णय मी या एका वाक्यावर घेतला, म्हणून त्यामागचं कारण सविस्तर सांगते. एक्सपी सुरू होताना डिस्कच्या कंट्रोलरचा नेमका ड्रायव्हर शोधतं. केव्हीएममध्ये कंट्रोलर वेगळा दिसतो, आणि ओळखीचा ड्रायव्हर सापडला नाही तर एक्सपी सुरू होतानाच निळ्या पडद्यावर थांबतं. त्यावर उपाय आहे: जुन्या जागी असतानाच डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई कंट्रोलरला ‘स्टँडर्ड ड्युअल चॅनल’ हा सर्वसाधारण ड्रायव्हर देऊन मग हलवायचं. पण दुसरी अडचण ॲक्टिव्हेशनची, म्हणजे प्रत अधिकृत असल्याची मायक्रोसॉफ्टकडे नोंद करण्याची. एक्सपी हार्डवेअरच्या दहा गोष्टींची नोंद ठेवतं: प्रोसेसर, रॅम, डिस्क, डिस्प्ले, नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (त्याचा ओळख क्रमांक) वगैरे. त्यातल्या बऱ्याच एकदम बदलल्या तर पुन्हा ॲक्टिव्हेशन मागतं. ८ एप्रिल २०१४ला आधार संपलेल्या विंडोजचं ॲक्टिव्हेशन पुन्हा करत बसायची माझी तयारी नव्हती. ओव्हीएमध्येही मशीनची ओळख पूर्ण टिकेल याची शाश्वती नसते. इम्पोर्ट करताना मॅक पत्ता नवा द्यायचा की जुनाच ठेवायचा, हे तिथल्या एका पर्यायावर ठरतं. फोल्डर जसंच्या तसं नेलं तर प्रोसेसर सोडून बाकी सगळं तेच राहतं. तिसरा मार्ग पक्का झाला.

तुळशीचं लग्न झाल्यावर काम हातात घेतलं. पहिलं काम जुन्या संगणकावर, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: एक्सपी आतून, स्टार्ट मेनूतून नीट बंद करणं. व्हर्च्युअलबॉक्सची खिडकी बंद करताना ‘सेव्ह स्टेट’ हा पर्याय येतो. रोजच्या कामाला तो सोयीचा आहे, पण त्यात चालू प्रोसेसरची अवस्था गोठवून ठेवलेली असते. वेगळ्या प्रोसेसरवर ती उघडेलच असं नाही. मशीनच्या नावाखाली ‘पॉवर्ड ऑफ’ दिसलं पाहिजे.

मग स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या त्या वेळची जपून ठेवलेली स्थिती. दहा वर्षांत बरेच साठले होते. स्नॅपशॉट घेतला की त्यानंतरचे बदल मशीनची डिस्क असलेल्या मुख्य व्हीडीआय फाइलमध्ये न जाता ‘स्नॅपशॉट्स’ नावाच्या उपफोल्डरमधल्या वेगळ्या फाइलीत लिहिले जातात. त्यामुळे जे कोणी फक्त मोठी व्हीडीआय फाइल उचलून नेतात, त्यांना नव्या जागी कित्येक वर्षांपूर्वीचं एक्सपी भेटतं. जुने स्नॅपशॉट पुसले की ते बदल मुख्य फाइलीत मिसळतात. याला वेळ लागतो आणि डिस्कवर मोकळी जागाही लागते. आमच्या कुरकुरणाऱ्या डिस्कवर हे चाललं असताना मी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसून राहिले. त्या काळात वीज गेली असती तर काय, या विचाराने हात गार पडले होते. यूपीएसची बॅटरी आधी तपासून घ्या, एवढं कळकळीनं सांगते. मिसळून झाल्यावर मशीन एकदा चालू करून, दोन जुन्या फाइली उघडून बघितल्या आणि पुन्हा नीट बंद केलं.

मग सेटिंगच्या प्रत्येक पानाचे फोटो मोबाइलवर काढले: रॅम, प्रोसेसरची संख्या, डिस्कचा कंट्रोलर, मॅक पत्ता, शेअर्ड फोल्डरचं नाव, यूएसबी फिल्टर. पुढे काहीही अडलं की मूळ काय होतं ते चटकन बघता येतं.

नेण्यासाठी एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क घेतली, साधारण पाच हजारांना. घरातला मोठा पेनड्राइव्ह चालला असता असं वाटेल, पण बरेच पेनड्राइव्ह एफएटी-३२ या पद्धतीने फॉर्मॅट केलेले असतात आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, जागा कितीही रिकामी असो. आमची व्हीडीआय १७ जीबीच्या पुढे गेली होती. डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस असेल तर हा प्रश्न येत नाही. मिंट दोन्ही वाचतं. जुन्या संगणकाला यूएसबीची जुनी पोर्टं, म्हणून कॉपीला अर्धा-पाऊण तास गेला. त्यानंतर दोन्हीकडच्या फाइलींचा एसएचए-२५६ ठसा काढला. विंडोजमध्ये हे सर्टयूटिल या अंगभूत साधनानं होतं, लिनक्सवर त्यासाठी एक साधी आज्ञा आहे. चौसष्ट अक्षरांची ओळ तयार होते. दोन्हीकडची ओळ सारखी असेल तर फाइल वाटेत बिघडलेली नाही हे नक्की. जुन्या डिस्कचा भरवसा नसताना हे टाळू नये.

२०१७च्या संगणकात मी ५०० जीबीची एसएसडी आधीच बसवून घेतली होती, बसवणावळीसकट साडेतीन हजाराच्या आसपास. मिंट टाकायला तासभरही लागला नाही. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट तिथे तयारच असतं. त्यावर व्हर्च्युअलबॉक्सची सातव्या मालिकेतली आवृत्ती घातली. इथे एक कागदी बारकावा: व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ भाग मुक्त परवान्याखाली आहे, धंद्यात वापरला तरी पैसे पडत नाहीत. पण ‘एक्स्टेन्शन पॅक’ नावाची जोडणी वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरापुरतीच मोफत आहे. धंद्यासाठी तिचा परवाना विकत घ्यावा लागतो. पूर्वी यूएसबी २ आणि ३साठी ती लागायची. आता ती सोय मूळ भागातच आलीय, त्यामुळे आम्ही ती घातलीच नाही.

पहिला अडथळा सिक्युअर बूटचा. व्हर्च्युअलबॉक्सला लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, स्वतःचं मॉड्यूल (छोटा जोडभाग) घालावं लागतं, आणि सिक्युअर बूट ही संगणक सुरू होतानाची सुरक्षा चालू असेल तर डिजिटल सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. ‘कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड’ असा निरोप येतो. मार्ग दोन. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करायचं, किंवा सहीची चावी तयार करून ती संगणकाच्या फर्मवेअरमध्ये नोंदवायची. मी दुसरा घेतला. त्यात चावी नोंदवायची विनंती करताना एक तात्पुरता पासवर्ड ठरवायचा असतो. पुन्हा सुरू करताना निळा पडदा येतो, त्यावर ‘कोणतंही बटण दाबा’ असं लिहिलेलं असतं आणि खाली दहा सेकंद उलटे मोजले जातात. तेवढ्यात बटण दाबलं नाही तर संगणक सरळ पुढे निघून जातो आणि विनंती पुन्हा करावी लागते. म्हणून रीस्टार्ट दिल्यावर खुर्चीतून उठू नका. आत ‘एनरोल एमओके’ (चावी नोंदवा) निवडायचं, ‘कंटिन्यू’, ‘येस’, मग तो पासवर्ड. माउस चालत नाही, बाणांची बटणं वापरायची. पासवर्ड साध्या अक्षरांचाच ठेवा, कारण त्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा धरला जातो.

फोल्डर बाहेरच्या डिस्कवरून घरच्या फोल्डरमध्ये उतरवलं, ठसा पुन्हा जुळवला. मशीन थेट बाहेरच्या डिस्कवरून चालवू नका. केबल हलली तर चालू एक्सपीची डिस्कच निघून जाते. मग व्हर्च्युअलबॉक्सच्या ‘मशीन’ मेनूतून ‘ॲड’, आणि फोल्डरमधली व्हीबॉक्स फाइल, म्हणजे मशीनच्या सेटिंगची फाइल, दाखवली. डाव्या यादीत आमच्या मशीनचं नाव उमटलं. बाबा मागे उभे होते, त्यांनी फक्त खांद्यावर हात ठेवला.

सेटिंग उघडल्यावर खाली इशारा दिसत होता, कारण विंडोजवरचे काही पत्ते लिनक्सवर अस्तित्वातच नसतात. आवाजाचा ड्रायव्हर विंडोजचा होता, तो ‘डीफॉल्ट’ केला. शेअर्ड फोल्डरचा मार्ग सी ड्राइव्हवरचा होता, तो नव्या जागी वळवला. इथे एक गोष्ट जपा: मार्ग बदलला तरी शेअरचं नाव तेच ठेवायचं. पेजमेकरच्या फाइलींमध्ये फोटोंचे दुवे त्या नावानं साठवलेले असतात. नाव बदललं तर शेकडो फाइलींतले फोटो ‘कुठे आहे?’ म्हणून विचारत बसतील. नेटवर्कमध्ये मॅक पत्ता आहे तसा ठेवून ‘केबल कनेक्टेड’ची खूण काढली. एक्सपीला इंटरनेटवर सोडायचं नाहीच, पण कार्डच काढून टाकलं तर ॲक्टिव्हेशनच्या नोंदीतली एक गोष्ट बदलते. केबल काढली की दोन्ही साधतं.

स्टार्ट दाबलं आणि नवा निरोप आला: प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सोय दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवली आहे, अशा अर्थाचा, ‘व्हीएमएक्स रूट मोड’ हे शब्द असलेला. हे वाचून पोटात गोळा येतो, पण मशीनला काही झालेलं नसतं. लिनक्स कर्नलच्या ६.१२ आवृत्तीपासून केव्हीएमचं मॉड्यूल लोड होताच ती सोय आपल्या ताब्यात घेतं, वापर असो वा नसो, आणि व्हर्च्युअलबॉक्सला मग ती मिळत नाही. केव्हीएम आम्हाला नकोच होतं. इंटेलचं केव्हीएम मॉड्यूल तात्पुरतं उतरवलं, पुन्हा स्टार्ट दिलं, आणि एक्सपीच्या पडद्यावरची ओळखीची हिरवी टेकडी समोर आली. ॲक्टिव्हेशनचा प्रश्न विचारला गेला नाही. नंतर मॉड्यूल लोडच होऊ नये अशी कायमची नोंद करून टाकली.

राहिलं डोंगल. ते लावल्यावर लिनक्सला दिसत होतं, पण व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी यादीत काहीच नव्हतं. लिनक्सवर त्यासाठी आपलं खातं ‘व्हीबॉक्सयूझर्स’ या गटात असावं लागतं, आणि गटात घातल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करेपर्यंत ते लागू होत नाही. हे झाल्यावर डोंगलचं नाव यादीत आलं. जुना फिल्टर तसाच असल्यामुळे पुढच्या वेळी ते आपोआप एक्सपीत गेलं आणि त्याचा छोटा दिवा लागला.

बाबांनी परीक्षेला २००६च्या एका पतसंस्थेच्या अहवालाची फाइल निवडली आणि कपाटातून त्याचीच छापील प्रत काढून शेजारी ठेवली. पान पान पुढे सरकवत ते पट्टीनं ओळीचा शेवट बघत होते. ‘कर्जवाटप’मधला रफार जागेवर आहे का, ‘संस्थेच्या’मधला अर्धा स कुठे तुटलाय का, नफा-तोटा पत्रकातला उजवा रकाना सरळ आहे का. ओळी तशाच होत्या. पेजमेकर पानाची जुळणी करताना ठरवलेला प्रिंटर लक्षात घेतो. प्रिंटरचा ड्रायव्हर एक्सपीच्या आतच राहिल्यामुळे त्याला नव्यानं जुळणी करायची गरज पडली नाही. नव्या संगणकावर सगळं पहिल्यापासून इन्स्टॉल केलं असतं तर इथेच अडकलो असतो. मग डिस्टिलरनं पीडीएफ केली, ती शेअर्ड फोल्डरमधून मिंटवर आली, आणि लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग, म्हणजे आरपार दिसणाऱ्या कागदावरचं पान, काढलं. बाबांनी ते ट्यूबलाइटखाली धरून छापील पानावर ठेवलं. दोन्ही पानं एकमेकांवर बसली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आता तुम्हीही हे करणार असाल तर शेवटचा भाग सांभाळा. स्थलांतर झाल्यावर काही दिवस एकाच मशीनच्या दोन चालत्या प्रती असतात. एकीवर सोमवारी पत्रिका आणि दुसरीवर मंगळवारी दुरुस्ती, असं झालं तर कोणती खरी ते कळेनासं होतं. आम्ही जुन्या संगणकाच्या मॉनिटरवर चिकटपट्टीनं कागद लावला, ‘इथे काम करायचं नाही’, आणि त्याची वायर काढून ठेवली. नव्या व्हर्च्युअलबॉक्सनं सेटिंगची फाइल नव्या पद्धतीनं लिहिली, की तीच फाइल जुनी आवृत्ती वाचेलच असं नाही; म्हणून बाहेरच्या डिस्कवरची पहिली प्रत न उघडता तशीच ठेवलीय.

दर महिनाअखेरीला एक्सपी बंद करून अख्ख्या फोल्डरची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर जाते आणि डिस्क घरी जाते, दुकानात राहत नाही. जुना संगणक अहवालांचा हंगाम संपेपर्यंत ठेवणार आहोत. पतसंस्थांची वर्षअखेर ३१ मार्चला, त्यानंतर लेखापरीक्षण आणि सभेच्या आधी छपाई, म्हणजे तो सप्टेंबरपर्यंत कोपऱ्यात राहील. मग त्याची डिस्क पूर्ण पुसून कॅबिनेट भंगारात द्यायचं, कारण त्या डिस्कवर संस्थांच्या सभासदांच्या याद्या आहेत.